वेताळ, पँथर आणि आजीची गोष्ट

या पानांत पोरासोरांच्या चित्रकथांवर लिहायचे म्हणजे काही मित्रांच्या कपाळाला आठ्या पडणार, हे मी धरून चालतो. कविता, आत्मकथन, रंगभूमी यांच्यावर आपण पुष्कळ लिहिले, भांडलो. पण आपल्या डोक्यात पराक्रमाचे पहिले चित्र कोणी काढले, याची झडती आपण कधी घेतली नाही. माझ्या डोक्यात ते कोणत्याही कवीने काढले नाही. ते काढले भाड्याने आणलेल्या, कोपरे कुरतडलेल्या इंद्रजाल कॉमिक्सने.

टाइम्स ऑफ इंडियाच्या मालकांनी 1964 च्या मार्चमध्ये ही मालिका सुरू केली आणि 1990 साली ती बंद पडली. ली फॉक या अमेरिकन लेखकाने 1936 साली जन्माला घातलेला फँटम तिच्यातून आपल्याकडे आला आणि मराठीत त्याचे नाव झाले वेताळ. आमच्या वरळीच्या चाळीखालचा रद्दीवाला दहा पैशांत एक अंक रात्रभर वाचायला देई. मी तो जिन्याखालच्या दिव्यात वाचत असे. एकदा आजीने पाहिले आणि विचारले, "काय वाचतुयास रं?" मी म्हणालो, "वेताळ." ती कपाळावर हात मारून म्हणाली, "आरं, समदं देव बुडवलं आमी, आन् ह्यो कुठनं आनलास परत?"

तिचे म्हणणे वरवर हसण्यासारखे, पण त्यात मोठा अर्थ होता. वेताळ हा आमच्या गावी वेशीबाहेरचा शेंदूर फासलेला धोंडा. गावकुसाबाहेर तो आणि गावकुसाबाहेर आम्ही, म्हणजे तसा शेजारीच. 1956 नंतर आमच्या घराने त्याला सोडले. आणि अठरा वर्षांच्या आत तोच वेताळ जांभळा अंगरखा घालून, पांढऱ्या घोड्यावर बसून, गोरा होऊन माझ्या हातात आला.

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने जुन्या अंकांचा गठ्ठा आणून दिला. निवृत्तीनंतरचा वेळ होता, म्हणून सगळे पुन्हा वाचले. आवडले, हे आधी कबूल करतो. कवटीची गुहा, जबड्यावर उमटणारा कवटीचा शिक्का, डेव्हिल नावाचा लांडगा, मरत नाही म्हणून ज्याला चालते भूत म्हणतात तो नायक. या सगळ्यांची भुरळ आजही पुरती उतरलेली नाही. पण या वेळी कथेच्या मुळाकडे लक्ष गेले. 1536 साली चाच्यांनी बापाला मारलेला एक गोरा तरुण किनाऱ्याला लागतो. बांदार नावाचे बुटके लोक त्याला वाचवतात. हे लोक वसाका नावाच्या दुसऱ्या जमातीचे गुलाम असतात. तो तरुण वसाकांच्याच देवाच्या मूर्तीसारखा वेश करून त्यांना घाबरवतो आणि बांदारांना सोडवतो. पुढे एकवीस पिढ्या त्याच्या वंशातला थोरला मुलगा सिंहासनावर बसतो आणि बांदार विषारी बाण घेऊन भोवती पहारा देतात.

आता पाहा. ज्यांनी त्या मुलाला मरणातून उचलून आणले, औषधपाणी केले, ते चारशे वर्षांनंतरही पहारेकरीच. त्यांचा गुरान एकवीस पिढ्यांचे गुपित जपतो, पण त्याच्या स्वतःच्या पिढ्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. गुलामी संपते ती गुलामांच्या बंडाने नव्हे. मालकांच्या देवाचा मुखवटा चढवलेल्या एका परक्याच्या युक्तीने. मुक्त झालेल्या माणसाला आपण मुक्त झालो हे कळण्यासाठी काही एक कृती स्वतः करावी लागते. ती कृती या कथेत बांदारांना करू दिलेलीच नाही. फॉकविषयी अन्याय नको. त्याने पुढे या देशाला स्वतंत्र केले, लोकांनी निवडलेला लुआगा नावाचा काळा राष्ट्राध्यक्ष दिला, तोही डॉक्टर. मात्र जंगल गस्तीदलाचा अदृश्य सेनापती तोच राहिला, कवटीच्या गुहेतला गोरा. स्वातंत्र्य आले, चावडी बदलली नाही.

एक गोष्ट मला मुलगा असताना कळणे शक्य नव्हते. मूळ कथेत चाच्यांच्या टोळीचे नाव सिंग होते आणि विसाव्या फँटमचा खुनी होता राम. इंद्रजालच्या संपादकांनी सिंगचे सिंगा केले, रामचा रामालू केला, बेंगालीचे डेंकाली केले. का केले हे सांगायला ज्योतिषी नको. कोणाच्या भावना दुखावतील याचा बारीक विचार या कचेरीत झाला होता. पण हातात भाले, कमरेला गवत आणि तोंडात मोडकी भाषा अशी काळी माणसे पानोपानी उभी होती, त्यांच्याविषयी कोणाचीही पेन्सिल उचलली गेली नाही. त्यांच्या भावना दुखावून घ्यायला इथे कोण होते? होते. जिन्याखाली बसलेला एक मुलगा होता. पण तोही त्या वेळी घोड्यावरच्या माणसाच्याच बाजूने होता.

आणि बाहेर काय चालले होते? 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती. 1974 च्या जानेवारीत वरळीत दंगल पेटली. आमच्या गल्लीतून खरे पँथर धावत होते, आणि मी दहा वर्षांचा, वेताळाची वाट पाहत होतो.

दुसऱ्या गठ्ठ्याची कथा वेगळी. मार्व्हल या अमेरिकन कंपनीचा ब्लॅक पँथर मी पहिल्यांदा वाचला तो चाळिशी ओलांडल्यावर. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी हा वाकांडा देशाचा काळा राजा टीचाला 1966 च्या जुलैच्या अंकात आणला. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांचा ब्लॅक पँथर पक्ष त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओकलंडला स्थापन झाला. त्याच्याही आधी अलाबामातल्या लाउन्डेस परगण्यातल्या काळ्या मतदारांच्या संघटनेने काळा चित्ता आपले चिन्ह म्हणून घेतला होता. कोणी कोणाची नक्कल केल्याचा पुरावा नाही. पण पुढे जे झाले ते बोलके आहे. 1972 च्या फेब्रुवारीतल्या एका अंकात हा राजा आपले नाव बदलून ब्लॅक लेपर्ड घेतो, कारण आपल्या नावाला त्या देशात राजकीय अर्थ चिकटला आहे. ज्या वर्षी मुंबईतली दरिद्री पोरे ते नाव अभिमानाने उचलत होती, त्याच वर्षी कागदावरचा पँथर ते झटकू पाहत होता! नाव फार दिवस झटकले गेले नाही, हे खरे.

खरी गोष्ट सुरू होते 1973 च्या सप्टेंबरात, जंगल ॲक्शन नावाच्या अंकात. हे नावच पाहा. त्यात आधी आफ्रिकेच्या रानात राज्य करणाऱ्या गोऱ्या नायक-नायिकांच्या 1950 च्या दशकातल्या कथा पुन्हा छापल्या जात. कंपनीत मुद्रिते तपासणाऱ्या डॉन मॅकग्रेगरला ते खटकले, आणि ती जागा त्याने काळ्या पँथरला मिळवून दिली. मॅकग्रेगर गोरा, पुढचे बहुतेक अंक काढणारा चित्रकार बिली ग्रॅहॅम काळा. स्वानुभवाशिवाय लिहिता येते का, या आपल्या जुन्या वादात हे उदाहरण कोणत्या पारड्यात टाकावे, मला ठरवता आलेले नाही. एवढे खरे की या कथेत वाकांडात जवळजवळ सगळी माणसे काळी आहेत आणि गोरी माणसे कुठे गेली, अशी विचारणा वरून होत असे, हे मॅकग्रेगरने पुढे सांगितले आहे.

या दीर्घ कथेत राजा अमेरिकेत वीरांच्या टोळीबरोबर हिंडून घरी परततो. पहिल्याच पानांत एक म्हातारा छळून मारला जातो. राजाची बाजू घेतली एवढाच त्याचा गुन्हा. प्रजा राजावर रागावलेली आहे: तू तिकडे जगाला वाचवत होतास तेव्हा आम्ही कुठे होतो? हा प्रश्न विचारणारी चित्रकथा मी दुसरी पाहिली नाही. बंडखोर किलमाँगर हा सामान्य घरचा, परक्यांच्या हल्ल्यात घर उद्ध्वस्त होऊन देशाबाहेर, हार्लेममध्ये वाढलेला. तो क्रूर आहे, लेखकाने त्याला गोंजारलेले नाही. पण राजा त्याला हरवू शकत नाही. 1975 साली कथा संपते तेव्हा धबधब्याच्या काठावर राजा जवळजवळ मेलेला असतो आणि किलमाँगरला कड्यावरून लोटतो तो कांटू नावाचा पोर, ज्याने या यादवीत बाप गमावला. राजमुकुट बाजूला पडतो आणि शेतकऱ्याचे पोर इतिहास करते.

2018 साली आलेला रायन कूगलरचा चित्रपट माझ्या नातीने दोनदा पाहिला, मी एकदा. चित्रपट देखणा आहे आणि ओकलंडपासून सुरू होतो, ही आठवण ठेवल्याबद्दल त्याचे आभार मानले पाहिजेत. मात्र त्यात किलमाँगरला राजाचा चुलतभाऊ केले आहे. म्हणजे बंड करायलाही राजरक्त हवे. गादीवर हक्क सांगायचा तर वंशावळ दाखवा! हे वाक्य आपण दुसऱ्या भाषेत फार ऐकले आहे. चित्रकथेतला किलमाँगर दुष्ट होता, पण त्याने कोणाचे गोत्र सांगितले नाही.

त्यानंतर मॅकग्रेगरने राजाला नेले जॉर्जियात, कू क्लक्स क्लॅनसमोर. राजाची मैत्रीण मोनिका लिन हिच्या बहिणीच्या संशयास्पद मृत्यूचा शोध घ्यायला दोघे तिच्या माहेरी जातात. तिथे महानायक जळत्या क्रॉसला बांधला जातो. हे सगळे पाहून मी हादरलो, पण थांबलो ते पुढच्या, 1976 सालच्या बाविसाव्या अंकापाशी. मोनिकाची आई तिला घराण्यातल्या केलेबची गोष्ट सांगते. यादवी युद्धानंतर गुलामीतून सुटलेला हा नातलग क्लॅनने मारला. आई जे झाले ते सांगते. आणि मुलगी ऐकता ऐकता मनात दुसरी गोष्ट रचत जाते, तिच्यात काळा पँथर येतो, क्लॅनवाल्यांना लोळवतो. दोन्ही गोष्टी एकाच पानांवर शेजारी शेजारी चालतात. आईच्या गोष्टीत केलेब मरतो.

कंपनीने चोविसाव्या अंकानंतर हे नियतकालिक बंद केले, गोष्ट अर्धवट असताना. 1977 च्या जानेवारीपासून खुद्द जॅक कर्बीने नवी मालिका काढली, तिच्यात जळत्या क्रॉसवरून उतरलेला तो माणूस राजा सॉलोमनच्या पितळी बेडकामागे धावू लागला. कर्बी मोठा चित्रकार, याबद्दल वाद नाही. पण बेडूक तो बेडूकच.

बाविसावा अंक मिटवून मी बराच वेळ बसून राहिलो, कारण मोनिकाने केले तेच मी केले होते. आजी आम्हाला तिच्या थोरल्या भावाची गोष्ट सांगत असे. गावची महारकी त्याच्याकडे. हातात घुंगराची काठी, मेलेले ढोर ओढायचे, पाटलाचा सांगावा रानोमाळ पोचवायचा. बाबासाहेबांचा शब्द गावात पोचला आणि एके दिवशी त्याने ढोर ओढायचे नाकारले. संध्याकाळी गावाने त्याला वेशीजवळ गाठले. तिसऱ्या दिवशी तो गेला. पंचनामा झाला नाही. मी अंथरुणात डोळे मिटून ऐके, आणि वेशीपाशी काठ्या उगारल्या जात त्या क्षणी माझ्या गोष्टीत पांढरा घोडा उधळत येई, ठोसा बसे, एकेकाच्या जबड्यावर कवटी उमटे. मामा उठून धूळ झटकत असे. मोनिकाच्या गोष्टीतला वाचवणारा निदान तिच्या रंगाचा होता. माझा वाचवणारा गोरा होता.

पण आज खटकते ते त्याच्या रंगाहून वेगळे. घोडा यायला मारहाण सुरू व्हावी लागे. म्हणून माझी गोष्ट वेशीपासून सुरू व्हायची, आणि त्याच्या आधीचा भाग मी झोपेत, घाईत वगळायचो. आजीची गोष्ट वेशीपासून सुरू होत नसे. ती सुरू होई सकाळी, चावडीत. तिथे ती सगळ्यात जास्त वेळ घेई. भाऊ काय नेसला होता, चावडीत कोण कोण बसले होते, त्याने काठी कशी खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली, हे ती दरवेळी बजावून सांगे. घुंगरू वाजू नयेत म्हणून मुठीत धरून ठेवली. मग तो मागे न वळता घरी आला आणि भाकरी मागितली. मारहाणीला ती दोन वाक्ये देई.

मी एकदा तिला विचारले होते, वेताळ आला असता तर? तिने उत्तर दिले नाही. बहुधा प्रश्नच तिला कळला नाही. ती काठीचेच सांगत राहिली. बाभळीची होती, मुठीपाशी झिजून काळी पडली होती, आणि तो गेल्यावरही कितीतरी दिवस चावडीच्या कोपऱ्यात तशीच होती, कारण महारवाड्यातून ती उचलायला कोणी गेले नाही.