गावठाणाची रेघ

‘ग्रामगीता’ आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचायची खोड मला गुरुकुंज मोझरीला लागली. मी वकील नाही, नगररचनाकारही नाही. पण गावात घर कुठे बांधायचे हे कोणी ठरवावे, यावर दोन्ही पुस्तकांना काही म्हणायचे आहे.

तुकडोजी महाराजांचा ग्रंथ १९५५ चा. तेव्हा मोझरी मध्य प्रदेशात होती. ४१ अध्यायांतला ‘ग्रामनिर्माण कला’ वाचताना जाणवते, की तिथे वाक्याचा कर्ता गाव आहे. संहिता १९६६ ची, लागू झाली १५ ऑगस्ट १९६७ ला, म्हणजे महाराजांच्या निर्वाणाआधी जेमतेम वर्षभर. तिच्यात गाव कर्म होते. ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५२ बांधकामाची परवानगी पंचायतीच्या हाती देते. पण गावठाणाची हद्द ठरवणे आणि बदलणे, संहितेच्या कलम १२२ प्रमाणे, जिल्हाधिकाऱ्याचे काम. प्रादेशिक योजना आली, की शेताचा वापर बदलायलाही वरचीच परवानगी. पुढे कलम ४२-ड ने गावठाणालगतच्या २०० मीटरपर्यंत सवलत दिली, तीही योजनेत ती जमीन निवासी किंवा अन्य अकृषिक वापरासाठी दाखवली असेल तरच, आणि कर-अधिमूल्य भरून.

खरी मेख कलम १२२ च्या शेवटी आहे. हद्द बदलताना भूधारकांच्या विद्यमान हक्कांची योग्य ती दखल घ्यावी, असे ते सांगते. ज्याच्या नावावर गुंठाही नाही, त्याच्याबद्दल चकार शब्द नाही! एका मजूर कुटुंबाचे कागद घेऊन मी हिंडलो आहे. घरकुल मंजूर, पण जागा नाही. जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पैसे मिळतात, पण गावठाणात प्लॉटच उरला नसेल तर ते पैसे घेऊन जायचे कुठे?

मग सगळे गावावर सोपवावे का? इथे ‘ग्रामगीते’शी माझे जुळत नाही. ग्रंथाचा गावाच्या चांगुलपणावर फार भरवसा आहे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याबद्दल जे सुनावले, ते त्यांच्या अनुभवातून आले होते. दलितांची वस्ती गावाबाहेर ठेवणारी रेघ कोण्या जिल्हाधिकाऱ्याने आखली नव्हती, ती गावानेच आखली. तेव्हा वरची देखरेख हवीच. माझे भांडण वेगळे आहे. वरच्याला अधिकार दिला, पण उत्तर द्यायचे बंधन घातले नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामीण गृहनिर्माण अकराव्या अनुसूचीत घातले, मात्र ते पंचायतींना द्यायचे की नाही हे राज्यांच्या मर्जीवर सोडले.

ग्रामसभेने हद्दवाढीचा ठराव केला, तर ठराविक मुदतीत होकार द्यावा किंवा कारणासह लेखी नकार, आणि भूमिहीनांची गरज आधी मोजावी, एवढे कलम १२२ मध्ये लिहायला दोन ओळी पुरतील.