वाकायचं कोणी: माणसानं की मशीननं?

२०२० साली मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीनं नव्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्या सुमारास २७ जनुकांची नावं बदलली गेली होती. कारण जीवशास्त्रातला नवा शोध वगैरे नव्हतं. कारण होतं एक्सेल. इंग्रजीत 'सेप्ट१' हे जनुकाचं नाव एक्सेलच्या चौकटीत लिहिलं की ते सप्टेंबरची पहिली तारीख होऊन बसतं. 'मार्च१'चीही तीच गत. २०१६ साली 'जीनोम बायॉलॉजी' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासानुसार, ज्या शोधनिबंधांना एक्सेलमधल्या जनुकांच्या याद्या जोडलेल्या होत्या, त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्श्यात असे घोटाळे होते. शेवटी समितीनं हात टेकले. 'सेप्ट१'चं 'सेप्टिन१' झालं, 'मार्च१'चं 'मार्चएफ१'. हे आपोआप होणारं रूपांतर बंद करायची सोय एक्सेलमध्ये आली ती २०२३ मध्ये.

आमच्या क्षेत्रात हा किस्सा हसत हसत सांगतात. मला तो संगणकावरच्या किरकोळ त्रासांचं सगळं अर्थशास्त्र सांगणारा वाटतो. त्रास एवढा छोटा असतो की तो दूर करणं कोणाचंच काम नसतं, आणि एवढ्या वेळा होतो की शेवटी माणूसच वाकतो. आपलं नाव बदलतो, सवय बदलतो, लिपीसुद्धा बदलतो. असं वाकावं लागू नये म्हणून कोणीतरी एकट्यानं, बहुधा स्वतःच वैतागून, एक छोटा प्रोग्रॅम लिहितो. अशा औजारांची समीक्षा सहसा होत नाही. 'दहा उपयोगी सॉफ्टवेअर' छापाच्या याद्या होतात, आणि त्या वाचून आपण चार गोष्टी उतरवून घेतो नि विसरतो. पण चांगलं औजार कोणतं आणि नुसता पसारा कोणता, हे ठरवायला काही निकष लागतातच.

'एव्हरीथिंग' घ्या. विंडोजवर फाइल शोधणं हा जुना छळ. विंडोजचा स्वतःचा शोध फाइलीच्या पोटात डोकावतो, मध्येच इंटरनेटवरही फिरून येतो, आणि आपण कालच ठेवलेली फाइल मात्र देत नाही. 'एव्हरीथिंग' मुख्यतः एकच काम करतं: फाइलीचं नाव शोधतं. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर सगळ्या फाइलींची एक मुख्य नोंदवही असते. हे औजार घराचा कोपरान् कोपरा धुंडाळत बसत नाही, थेट ती वही वाचतं, त्यामुळे अक्षर टाइप करता करता उत्तर समोर येतं. इथे हुशारी आहे ती काय करायचं नाही हे ठरवण्यात.

दुसरं उदाहरण 'एफ-लक्स'चं. रात्री पडद्याचा निळसर उजेड कमी करून तो पिवळट करणारा हा प्रोग्रॅम हर्फ दांपत्यानं २००९ मध्ये आणला. २०१६ मध्ये ॲपलनं तीच कल्पना आयफोनमध्ये घातली, २०१७ मध्ये विंडोजमध्ये ती आली. कॉपी-पेस्टची कथा अशीच. १९७०च्या दशकात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत ही सोय घडवली. त्यानंतर कित्येक वर्षं क्लिपबोर्ड म्हणजे एका वेळी एकच वस्तू मावणारी पिशवी होती; दुसरी टाकली की पहिली गेली. 'डिट्टो'सारख्या छोट्या प्रोग्रॅमांनी त्या पिशवीला कप्पे शिवले. विंडोजनं स्वतः ते केलं २०१८ मध्ये. आता विंडोज आणि व्ही ही बटणं दाबली की मागच्या २५ गोष्टी दिसतात. छोट्या औजाराला मिळणारी ही सगळ्यात मोठी दाद, आणि बहुतेक वेळा त्याचा शेवटही.

मायक्रोसॉफ्टच्या 'पॉवरटॉइज'बद्दल मात्र माझं मन दुटप्पी आहे. विंडोज ९५च्या काळात आलेला हा संच २०१९ मध्ये मुक्त स्रोत म्हणून पुन्हा सुरू झाला. त्यातलं 'पॉवररिनेम' मी मनापासून वापरतो: शेकडो फाइलींची नावं एकदम बदलताना ते जुनं नाव आणि होऊ घातलेलं नाव शेजारी शेजारी दाखवतं, मगच हात लावतं. पण संच फुगत चालला आहे. खिडक्या मांडणारं, रंग ओळखणारं, चित्रं लहान करणारं, कीबोर्डची बटणं बदलणारं, सगळं एकाच पोत्यात. शिवाय घर ज्यानं बांधलं तोच गळक्या छपराखाली ठेवायला बादल्या वाटतोय, हे दृश्य थोडं चमत्कारिक आहे. बादल्या चांगल्या आहेत, पण छपराचं काय?

या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. मोठ्या कंपन्या छोट्या औजारांची कल्पना उचलतात ती तक्रार सगळ्या जगाची असेल तेव्हा. पडद्याचा उजेड सगळ्यांच्याच डोळ्यांत जातो. ज्या तक्रारी फक्त मराठी लिहिणाऱ्यांच्या आहेत, त्यांचं काय?

टाइप करण्याची तक्रार बरीचशी मिटली, आणि तीही आधी एकेकट्या माणसांच्या खटपटीनं. कन्नडसाठी १९९८ मध्ये सुरू झालेलं 'बरह' पुढे आपल्याही कामी आलं. मराठी संकेतस्थळांवर थेट देवनागरी लिहिता यावं म्हणून 'गमभन' आलं. विंडोजमध्ये मराठीचा उच्चारानुसारी कीबोर्ड आला तो २०१९ मध्ये. मधल्या काळात गूगलनं विंडोजसाठी दिलेलं ऑफलाइन साधन मागेही घेतलं. पण टाइप करून झाल्यावर जे त्रास सुरू होतात, ते तसेच आहेत. मला त्यांतले तीन महत्त्वाचे वाटतात, आणि तिघांवरही छोटी औजारं शक्य आहेत.

पहिला त्रास दिसायला सारख्या, पण आतून वेगळ्या अक्षरांचा. 'दऱ्या'मधला ऱ्य युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे लिहिता येतो. एका पद्धतीत नुक्ता असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्या पद्धतीत साधा र घेऊन पाय मोडतात आणि त्यापुढे 'झिरो-विड्थ जॉइनर' नावाचं एक न दिसणारं चिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण अनेक प्रोग्रॅमांत एका पद्धतीनं 'वऱ्हाड' शोधलं, तर दुसऱ्या पद्धतीनं लिहिलेलं वऱ्हाड सापडत नाही. तेच ॲचं. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधीचं लेखन अ वर चंद्र देऊन किंवा 'ऍ' वापरून झालेलं आहे, आणि आजही ही तिन्ही रूपं सुखेनैव नांदतात. इथे हवी आहे एक गाळणी: मजकूर निवडा, बटण दाबा, सगळी रूपं एका साच्यात. मात्र ते न दिसणारं चिन्ह सरसकट पुसून चालणार नाही. काही ठिकाणी लेखकानं अक्षर जोडून न दाखवता अर्धं दाखवण्यासाठी ते मुद्दाम घातलेलं असतं. गाळणीनं कुठे काय बदललं ते दाखवायलाच हवं.

दुसरा त्रास अनुक्रमाचा. शाळेत आपण 'ह, ळ, क्ष, ज्ञ' असं म्हणत मोठे झालो. युनिकोडच्या तक्त्यात मात्र ळ बसला आहे ल च्या शेजारी, व च्या आधी. त्यामुळे नुसत्या कोडच्या क्रमानं यादी लावणारा प्रोग्रॅम 'काळे' आधी टाकतो आणि 'कावळे' नंतर. वर्णमालेप्रमाणे उलटं हवं. मंडळाच्या सभासदांची यादी किंवा पुस्तकाची सूची करणाऱ्याला हे हातानं निस्तरावं लागतं, किंवा तो यादी रोमनमध्ये करून मोकळा होतो. वाकणं म्हणतात ते हेच.

तिसरा त्रास सगळ्यात गंभीर, कारण त्यात वेळ निघून चालला आहे. शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत लिहिलेल्या फाइलीत खरं तर देवनागरी नसतेच. आत असतात दुसऱ्याच अक्षरांचे कोड, आणि फाँट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. फाँट गेला की उरतो रोमन अक्षरांचा चिवडा. परदेशातल्या मंडळांच्या जुन्या स्मरणिका, एकांकिका, वडलांनी निवृत्तीनंतर टाइप केलेल्या आठवणी यांतलं बरंच काही अशा फाइलींत अडकलेलं असतं. रूपांतर करून देणारी साधनं आहेत, पण काम दिसतं तितकं सरळ नाही. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलट. मध्येच इंग्रजी वाक्य आलं, तर साधन त्याचीही देवनागरी खिचडी करतं. शिवाय त्यातली कित्येक साधनं वेबसाइटवर चालतात, म्हणजे घरातली खासगी पत्रं अनोळखी सर्व्हरला द्यायची. इथे हवं ते आपल्याच संगणकावर चालणारं, अख्खं फोल्डर घेणारं, मूळ फाइलीला हात न लावता शेजारी नवी प्रत ठेवणारं, आणि शंका असलेली ओळ पिवळी करून माणसापुढे ठेवणारं औजार.

यातूनच माझे निकष आले आहेत. औजारानं एकच काम करावं. मूळ वस्तू शाबूत ठेवावी. काय केलं ते दाखवावं. इंटरनेटविना चालावं. काढून टाकलं तर मागे घाण ठेवू नये. 'एव्हरीथिंग' या कसोटीला बऱ्यापैकी उतरतं. क्लिपबोर्डचे कप्पे मात्र एका बाबतीत घसरतात, कारण आपण कॉपी केलेला पासवर्डही त्यांत पडून राहू शकतो.

यावर आक्षेप असा की एकट्या माणसाची औजारं त्या माणसाबरोबर संपतात. खरं आहे, पण मोठ्यांचीही संपतात; गूगलचं उदाहरण वर आलंच. म्हणून मूळ कोड खुला असणं हा सहावा निकष धरायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप असा की आता चॅटबॉटला सांगितलं की असा प्रोग्रॅम पाच मिनिटांत मिळतो, मग अडलंय कुठे? अडलंय ते चाचणीत. मिळालेली गाळणी बरोबर आहे की नाही हे ज्याला 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक कळतो तोच सांगू शकतो. समुद्र आणि डोंगरांमधल्या खोल जागा एकच झाल्या, तरी मशीनला त्याचं काही वाटणार नाही. कोड लिहिणं स्वस्त झालं. काय बिघडतं याची नेमकी नोंद अजून दुर्मीळ आहे.

ती नोंद प्रोग्रॅमर नसलेल्यांनाही करता येते, किंबहुना त्यांनाच चांगली जमेल. स्मरणिका जुळवणाऱ्या, याद्या करणाऱ्या, जुन्या फाइली सांभाळणाऱ्या माणसांनी एवढंच लिहावं: काय करायचं होतं, काय झालं, आणि ज्यावर अडलं तो शब्द कोणता. काळे-कावळे, वऱ्हाड, ॲ, इंग्रजी मिसळलेला एखादा परिच्छेद. अशा शंभर शब्दांची यादी हाती असेल, तर कुठलंही औजार दहा मिनिटांत तपासता येईल, मग ते माणसानं लिहिलेलं असो वा यंत्रानं. जनुकशास्त्रज्ञांनी आपली नावं बदलली तेव्हा त्यांच्याकडे निदान समिती होती. आपल्याकडे ती नाही, पण यादी करायला समिती लागत नाही.