व्ह्यू मोजले, मंडळी राहून गेली

ऑनलाइन उपासनेवर संशोधन करायचं म्हटलं की वाचनाच्या यादीत दोन नावं येतातच: क्रिस्तोफर हेलंड आणि हायडी कॅम्पबेल. दोघांचंही काम पायाभूत आहे, ते वाचायलाच हवं. पण त्यांच्या चौकटी नाशिकमधल्या एखाद्या मंडळीला लावल्या तर काय दिसतं आणि काय निसटतं? सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांनी हे आधीच तपासून घेतलेलं बरं. चौकट चुकली की प्रश्नावली चुकते, आणि मग हातात ढीगभर डेटा असून उपयोग होत नाही.

आधी हेलंड. २००० साली त्यांनी एक सोपी विभागणी मांडली. धर्मसंस्था वरून माहिती देते आणि लोक ती घेतात, हे ‘रिलिजन ऑनलाइन’. लोक नेटवर्कवरच एकमेकांशी बोलतात, प्रार्थना करतात, विधीत भाग घेतात, हे ‘ऑनलाइन रिलिजन’. २००५ मध्ये त्यांनी स्वतःच या विभागणीचा फेरविचार केला, कारण दोन्हींमधली रेघ पुसट होत चालली होती. तरी संशोधन आराखडा करताना हात जातो तो २००० च्या कोष्टकाकडेच. उपासना एकतर्फी की दुतर्फी? कॉमेंट किती, लाइक किती? त्यावरून सहभाग ठरवायचा.

आता नाशिककडे या. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात वसवलेली ख्रिस्ती वसाहत. आज शहरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा धर्मप्रांत आहे, १९८७ मध्ये स्थापन झालेला कॅथलिक धर्मप्रांत आहे, शिवाय स्वतंत्र मंडळ्या आहेत. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली. केंद्राने ८ जूनपासून प्रार्थनास्थळं उघडायची मुभा दिली, पण महाराष्ट्रात ती १६ नोव्हेंबरला उघडली. म्हणजे सलग ३४ रविवार दारं बंद, आणि त्यात १२ एप्रिलचा ईस्टरसुद्धा. दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंदी आली, ती उठली ७ ऑक्टोबरला. एवढे रविवार उपासना झाली ती घराघरात, फोनसमोर.

समजा, नाशिकरोडच्या एका घरात चौघं एका मोबाइलसमोर बसलेत. यूट्यूबवर पाळक बोलताहेत. प्रार्थनेला हे चौघं उभे राहतात, गाणं सुरू झालं की गातात, शेवटी ‘आमेन’ म्हणतात. यातलं काहीच कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही. हेलंडच्या कोष्टकात ही ‘एकतर्फी’ उपासना. मोजणीत चौघांचा मिळून एक व्ह्यू. आणि फेसबुकवर स्क्रोल करताना जो तीन सेकंद थांबला, त्याचाही एक व्ह्यू. दोन्ही आकडे एकाच रकान्यात बसतात, आणि आपण त्याला ‘उपस्थिती’ असं नाव देऊन मोकळे होतो.

याच्या उलट बाजू बघा. दुसरी मंडळी झूमवर जमते. सगळ्यांचे चेहरे दिसतात, एकमेकांची विचारपूस होते. कोष्टकानुसार ही उत्तम ‘दुतर्फी’ उपासना. पण गाण्याची वेळ आली की काय होतं? एकत्र गाताना-वाजवताना साधारण २५-३० मिलिसेकंदांपेक्षा जास्त उशीर झाला तर ताल धरणं कठीण जातं. व्हिडिओ कॉलवर हा उशीर सहज शंभराच्या पुढे जातो. सगळ्यांनी माइक चालू ठेवून गायलं तर नुसता गोंगाट. म्हणून सूचना येते: एक जण गाईल, बाकीच्यांनी म्यूट करा. मग ज्याच्या घरात दुसरं कोणी नाही, तो एकटाच गातो आणि त्याचा आवाज कुणालाच ऐकू जात नाही.

मराठी ख्रिस्ती उपासनेत ही बारीकशी गोष्ट नाही. ‘उपासना संगीत’ हे पुस्तक, त्यातली ना. वा. टिळकांची पदं, पेटी-तबल्यावर सगळ्यांनी मिळून गाणं, यावर अनेक मंडळ्यांचा रविवार उभा असतो. इथे दुतर्फी माध्यमाने सामूहिक गायन मोडलं आणि एकतर्फी माध्यमाने ते घरापुरतं का होईना टिकवलं. म्हणजे नेटवर्कवरची देवाणघेवाण आणि उपासनेतला सहभाग ही दोन वेगळी मापं आहेत. हेलंडच्या विभागणीत ती एकच धरली जातात. माझा मुख्य आक्षेप हाच.

कॅम्पबेल यांच्याकडे वळू. एप्रिल २०२० मध्येच त्यांनी ‘द डिस्टन्स्ड चर्च’ हे संपादित पुस्तक काढलं. टाळेबंदी ऐन भरात असताना पाळकांना आणि अभ्यासकांना एकत्र लिहितं करणं सोपं नव्हतं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. करोनाकाळातल्या लेखनात त्यांनी चर्चनी निवडलेले तीन मार्ग सांगितले: आहे तीच उपासना उचलून पडद्यावर ठेवणं, पडद्याला मानवेल अशी ती बदलणं, आणि मुळापासून नव्याने विचार करणं. तंत्रापेक्षा माणसांच्या नात्यांकडे लक्ष द्या, हा त्यांचा सल्लाही रास्त आहे. अडचण अशी की हे तिन्ही मार्ग कॅमेऱ्यामागच्या माणसाचे आहेत. पाळकाने काय केलं, हे त्यातून कळतं. मंडळीने काय केलं, हे वेगळं विचारावं लागतं.

प्रभुभोजनाचं उदाहरण घ्या. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, ही कॅथलिक भूमिका व्हॅटिकनच्या २००२ च्या दस्तऐवजातच स्पष्ट आहे. म्हणून घरून मिस्सा पाहणाऱ्यांसाठी आध्यात्मिक कम्युनियनची प्रार्थना होती. प्रोटेस्टंट चर्चेसमध्ये जगभर दोन मतं पडली: काहींनी घरची भाकरी आणि रस चालवून घेतला, काहींनी थांबा म्हटलं. नाशकात अभ्यास करणाऱ्याने यात कोण बरोबर हे ठरवू नये. घरात ताटलीत काय ठेवलं, ते कुणी ठरवलं, आजीने घेतलं का, नाही घेतलं तर का, हे विचारावं.

आणखी एक मुद्दा सदस्यत्वाचा. ‘ऑनलाइनमुळे मंडळीच्या यादीबाहेरचे लोकही येऊ लागले, हे नवीन आहे’ असं विधान लिहायचा मोह होतो. लिहिण्याआधी टिळकांकडे बघा. तरुणपणी नाशकात शिकलेल्या आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तोच मुळी बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. कुंपणाबाहेरच्या भक्ताचा प्रश्न मोबाइलपेक्षा बराच जुना आहे. इंटरनेटने फार तर त्याला लपून बसायची सोय दिली: नाव न सांगता, कुणाला न कळता उपासना बघता येते. असा माणूस आकड्यात दिसतो, पण तुमच्या प्रश्नावलीला उत्तर देणार नाही. त्याच्यापर्यंत कसं पोचायचं आणि त्याची ओळख कशी जपायची, हा पद्धतीचा आणि नीतीचाही प्रश्न आहे. सिनॉप्सिसमध्ये त्यासाठी एक परिच्छेद राखून ठेवा.

मग काम कसं करायचं? मोजण्याचं एकक व्ह्यूऐवजी घर धरा. उपासनेचा क्रम कागदावर लिहा: गाणं, प्रार्थना, वाचन, संदेश, अर्पण, प्रभुभोजन, आशीर्वाद. प्रत्येक टप्प्यापुढे तीन प्रश्न: घरातल्या कुणी काय केलं, कुणी करायचं सोडलं, चर्च उघडल्यावर काय परत आलं? पंधरा-वीस घरांशी असं नीट बोललात तर हजारो व्ह्यूंच्या तक्त्यापेक्षा जास्त हाती लागेल. मात्र आठवणीवर विसंबताना जपा, त्या रविवारांना बरीच वर्षं झाली. व्हॉट्सअॅप ग्रुपमधले जुने निरोप, अर्पणाच्या नोंदी, उपासनेचे छापील क्रम मिळाले तर ताडून बघा, आणि अर्थात परवानगी घेऊनच.

मराठी प्रोटेस्टंट वापरात ‘मंडळी’ हा शब्द इमारतीसाठी नाही, जमलेल्या माणसांसाठी आहे. इंग्रजीतल्या ‘चर्च’मध्ये दोन्ही अर्थ मिसळतात. त्यामुळे प्रश्नावली आधी इंग्रजीत करून मग मराठीत आणणार असाल तर क्रम उलटा करून बघा. ‘तुम्ही ऑनलाइन चर्च पाहिलं का?’ याला लोक ‘हो’ म्हणतील आणि विषय संपेल. ‘त्या रविवारी तुमच्या घरी मंडळी कोण होती?’ असं विचारलंत तर पुढचा अर्धा तास तुम्हाला फक्त ऐकायचं आहे.