दुभत्या गाईचा आहार : संशोधनाची कसोटी

नागपूरला १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आणि २००० पासून महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. असे असूनही दुभत्या गाईंच्या आहारविषयक संशोधनाचे मूल्यमापन बहुधा दूधवाढीपाशीच थांबते. दुग्धोत्पादनाच्या खर्चात आहाराचा वाटा सर्वाधिक असतो. म्हणून वाढीव दुधाच्या किमतीतून वाढीव खर्च वजा जाता काय उरते, हे पाहणे अगत्याचे होय. विदर्भात सोयाबीनने ज्वारीचे क्षेत्र व्यापले व कडबा दुर्मिळ झाला. अशा स्थितीत धानाच्या पेंढ्यावर ४ टक्के युरियाची प्रक्रिया करून तो सुमारे २१ दिवस हवाबंद ठेवल्यास त्याची पचनीयता वाढते. मात्र त्यासाठी लागणारे पाणी व श्रम निष्कर्षांत मोजल्याशिवाय ही शिफारस अल्पभूधारकासाठी अपुरीच ठरते.