खोक्याबाहेरचा कंट्रोलर

कुवेतमधल्या रिग्गईतल्या आमच्या इमारतीत २०१० सालच्या थंडीत एकाच मजल्यावरच्या तीन घरांत तीन यंत्रं होती. समोरच्या मल्याळी कुटुंबाकडे निन्टेंडोचं वी, शेजारच्या हैदराबादी भाईंकडे एक्सबॉक्स ३६० आणि त्याला नुकतंच जोडलेलं, सगळ्या शरीराची हालचाल टिपणारं किनेक्ट, आणि आमच्याकडे प्लेस्टेशन ३ आणि त्याचा मूव्ह. पुढचा उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवूनच ही खरेदी झाली होती. कुवेतच्या उन्हात दुपारी मुलांना खाली सोडता येत नाही. इथल्या मित्रिबाह केंद्रावर २१ जुलै २०१६ रोजी ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, यावरून कल्पना यावी. हातपाय हलवून खेळायचा गेम घरात असणं ही आम्हाला चैन वाटत नव्हती, गरज वाटत होती.

हवल्लीच्या रिहाब कॉम्प्लेक्समध्ये गेमची दुकानं ओळीनं आहेत. तिथे मूव्ह घेताना माझ्या नऊ वर्षांच्या मुलानं दुकानदाराला विचारलं, "अंकल, इसके और गेम आयेंगे ना?" दुकानदार म्हणाला, "आयेंगे, आयेंगे." मुलानं विचारलेला प्रश्न साधा असला तरी कन्सोलच्या जोडउपकरणांचा सगळा इतिहास त्यात आहे. उपकरण कसं आहे, ते आपल्याला दुकानातच दिसतं. त्यावर गेम कोण बनवणार, हे मात्र दिसत नाही, आणि आपण पैसे मोजतो ते त्या न दिसणाऱ्या गोष्टीसाठी.

मूव्ह म्हणजे काळ्या दांड्याच्या टोकाला पिंगपाँगच्या चेंडूएवढा मऊ गोळा. गोळ्याच्या आत दिवा. टीव्हीजवळ ठेवलेला प्लेस्टेशन आय कॅमेरा हा गोळा शोधतो. गोळा मोठा दिसला की हात जवळ, लहान दिसला की लांब. मनगट किती आणि कुठे वळलं, ते दांड्यातले सेन्सर सांगतात. खोलीत ज्या रंगाची गर्दी असेल तो टाळून गोळा दुसरा रंग घेतो. आमच्या तांबड्या पडद्यांपुढे तो बहुतेक वेळा निळा किंवा हिरवा व्हायचा. त्या वर्षी आई व्हिजिट व्हिसावर आली होती. तिला 'स्पोर्ट्स चॅम्पियन्स'मधली तिरंदाजी दाखवली. दोन्ही हातांत एकेक कंट्रोलर, एक धनुष्याचा हात आणि एक बाणाचा. बाण घ्यायला हात खांद्यामागे न्यावा लागतो. मी सांगायच्या आतच आईचा हात मागे गेला. "भाता पाठीवरच असतो की," ती म्हणाली. मागचं एक बटण सोडलं तर तिला काहीही शिकवावं लागलं नाही. सत्तरीतल्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा गेम खेळला आणि तो तिला परका वाटला नाही. या तंत्राची खरी ताकद मला त्या दुपारी कळली, आणि पुढे ते ओस पडलं याची हळहळ वाटते तीही त्या दुपारमुळेच.

मार्च २०१०मध्ये सोनीनं मूव्हचं नाव जाहीर केलं, तेव्हा ३६ डेव्हलपर आणि प्रकाशकांचा पाठिंबा असल्याचं सांगितलं होतं. आकडा भरभक्कम वाटतो. पण 'पाठिंबा' या शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या जातात. एक, मूव्हशिवाय खेळताच येणार नाही असा गेम. दोन, जो साध्या कंट्रोलरसाठी बनला आणि ज्यात मूव्हची सोय मनापासून केली असा गेम. 'किलझोन ३' हे त्याचं चांगलं उदाहरण. आणि तीन, बटणाच्या जागी हाताचा झटका बसवून मोकळा झालेला गेम. पुढच्या काळात दुकानात मूव्हचा शिक्का असलेली जी खोकी दिसली, त्यांतली मोठी संख्या या तिसऱ्या जातीची. पहिल्या जातीत नाव घ्यावं असं थोडंच निघालं. २०१० सालच्या 'टम्बल'मध्ये ठोकळ्यावर ठोकळा रचायचा, एवढंच. पण ठोकळा किती आत, किती बाहेर ठेवायचा, याची जाण हाताला येते. मूव्हला जवळ-लांब कळतं, हे मर्म ओळखलेला तो गेम आहे. छडी फिरवून मंत्र टाकायचा 'सॉर्सरी' प्रत्यक्षात यायला मे २०१२ उजाडला. तोवर आमच्या ओळखीतल्या बऱ्याच मुलांनी कंट्रोलर खणात ठेवून दिले होते.

असं पूर्वीही झालं होतं. निन्टेंडोनं १९८५ साली आणलेल्या रॉब या यंत्रमानवासाठी दोनच गेम निघाले. १९८९च्या पॉवर ग्लोव्ह या हातमोज्यासाठी खास बनवलेले गेमही दोनच. सोनीचा स्वतःचा आयटॉय कॅमेरा २००३चा. तो खपला चांगला, पण बाहेरच्या स्टुडिओंनी तो फारसा आपला मानला नाही.

याला डेव्हलपरचा आळस म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. त्यांच्या जागी बसून हिशोब करून पाहावा. नोव्हेंबर २०१२मध्ये सोनीनं सांगितलं की प्लेस्टेशन ३ ७ कोटी विकले गेले आणि मूव्ह दीड कोटी. म्हणजे पाच कन्सोलमागे जेमतेम एक मूव्ह. त्यातही तिरंदाजीसाठी किंवा दोघांनी खेळायला म्हणून अनेकांनी दोन-दोन घेतले, आम्हीही घेतले; तेव्हा घरं त्याहून कमी. फेब्रुवारी २०१३मध्ये मायक्रोसॉफ्टचा आकडा होता एक्सबॉक्स ३६० ७.६ कोटी आणि किनेक्ट २.४ कोटी. किनेक्ट तर पहिल्या ६० दिवसांत ८० लाख गेलं होतं. एवढं खपूनही तीनांतल्या दोन घरांत ते नव्हतंच. जो स्टुडिओ दोन-तीन वर्षं आणि शे-दोनशे माणसांचे पगार एका गेममध्ये घालतो, त्यानं पाचांतली चार घरं सोडून एकाच घरासाठी तो का बनवावा? आणि पाचही घरांसाठी बनवला, तर हालचाल हे नंतर लावलेलं ठिगळच होणार. खोक्याबाहेर विकलेल्या उपकरणाची ही जन्मजात अडचण आहे.

क्रिकेटचं उदाहरण या सगळ्यात मला सर्वांत जिव्हाळ्याचं. मुंबईच्या ट्राइन गेम्स या स्टुडिओनं प्लेस्टेशन २साठी गल्ली क्रिकेटचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' केला होता. त्याच स्टुडिओनं पुढे प्लेस्टेशन ३साठी 'मूव्ह स्ट्रीट क्रिकेट' बनवला. जगातले बडे स्टुडिओ मूव्हकडे पाठ फिरवत असताना एका मुंबईकर स्टुडिओनं थेट त्याच्या नावानंच गेम काढला, ही नोंद गेमच्या इतिहासात ठळक व्हायला हवी. त्यामागची समज अचूक होती. भारतात, आणि रिग्गईसारख्या भारतीय वस्तीत, हातात दांडका आला की पहिल्यांदा आठवते ती बॅट.

पण क्रिकेट या तंत्राची कसोटी पाहतं. २२ यार्डांची खेळपट्टी म्हणजे सुमारे २० मीटर. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू ते अंतर साधारण अर्ध्या सेकंदात कापतो. कॅमेरा, गणित आणि टीव्ही मिळून एक दशांश सेकंद उशीर झाला, तरी फलंदाजाचा पाचवा हिस्सा वेळ गेला. म्हणून गेममध्ये चेंडू हळू करावा लागतो किंवा खेळणाऱ्याच्या फटक्याला आतून मदत द्यावी लागते. मूव्हला मनगट उत्तम कळतं, पाय कळत नाहीत. ज्याला पुढे झुकून ड्राइव्ह मारायची सवय आहे त्याला हे लगेच खुपतं, कारण क्रिकेटमध्ये फटका आधी पायात असतो आणि मग हातात. किनेक्टला पाय दिसायचे, पण त्याच्यासमोर हातात बॅट नाही, बॅटचं वजन नाही. शिवाय एकट्यानं खेळायला सहा फूट आणि दोघांना आठ फूट मोकळी जागा हवी. आमच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला लावून आणि टीपॉय बाल्कनीत ठेवून कशीबशी सहा फूट निघायची. आखाती देशांतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, जिथे एकाच हॉलमध्ये बैठक, अभ्यास आणि पाहुण्यांचा बिछाना असतो, तिथे दुसरा भिडू सोफ्यावर बसून आपल्या पाळीची वाट पाहायचा. गेम बनवणाऱ्यांच्या मनातली खोली आमची नव्हती, हे मला अनेकदा जाणवलं.

आता कोणी म्हणेल, मग उपकरण खोक्यातच दिलं की प्रश्न मिटला. तसंही नाही. प्लेस्टेशन ३च्या पहिल्या सिक्सअ‍ॅक्सिस कंट्रोलरमध्ये तिरकं करून खेळायची सोय २००६पासून प्रत्येक घरात होती. २००७च्या 'लेअर'नं ड्रॅगन उडवायला तीच सक्तीची केली, खेळणारे वैतागले आणि पुढे साध्या काड्यांनी खेळायची सोय द्यावी लागली. त्याच सोयीतून २००९ साली 'फ्लॉवर' आला, ज्यात कंट्रोलर कलवून वारा व्हायचं आणि पाकळ्या वाहून न्यायच्या. तो आजही सुंदर वाटतो. सेन्सर तेच, फरक होता कल्पनेचा. 'फ्लॉवर'मध्ये कलणं हाच गेम होता, 'लेअर'मध्ये ते गेमवर लादलेलं होतं.

आणि खोक्यात दिल्यावर कंपनीनं मागे हटायचं नसतं. नोव्हेंबर २०१३मध्ये एक्सबॉक्स वन आलं ते किनेक्टसह, ४९९ डॉलरला. मायक्रोसॉफ्टनं प्रत्येक घरात किनेक्ट असेल अशी हमी दिली होती, आणि तिच्यावर विसंबून काही स्टुडिओंनी कामं हाती घेतली. जून २०१४मध्ये किनेक्टशिवायचं यंत्र ३९९ डॉलरला बाजारात आलं. हमी सात महिनेच टिकली. हार्मोनिक्स या स्टुडिओनं 'डान्स सेंट्रल'मधून किनेक्टला सर्वांत चांगले गेम दिले होते. त्यांचा 'फँटेशिया: म्युझिक इव्हॉल्व्ह्ड' हा दोन्ही हातांनी संगीत चालवायचा, किनेक्टशिवाय न चालणारा गेम आला ऑक्टोबर २०१४मध्ये, म्हणजे पायाखालची जमीन काढून घेतल्यावर. ज्यानं सर्वांत जास्त विश्वास टाकला त्यालाच सर्वांत मोठा फटका बसला. ऑक्टोबर २०१७मध्ये किनेक्टचं उत्पादनच थांबलं. यानंतर एखाद्या स्टुडिओनं नव्या उपकरणाला हात लावताना दहादा विचार केला, तर त्याला दोष कसा देणार?

याउलट वीची गोष्ट. त्याच्या खोक्यात रिमोट होता आणि बहुतेक देशांत 'वी स्पोर्ट्स'ही होता. कन्सोल १० कोटींहून जास्त विकलं. पुढे अधिक अचूक हालचाल टिपण्यासाठी जून २००९मध्ये मोशनप्लस ही वेगळी जोडणी आली. तिला बाहेरच्यांनी थोडीच साथ दिली. 'रेड स्टील २' हा त्यातला धाडसी अपवाद. निन्टेंडोनं मात्र ती सोडली नाही. 'स्पोर्ट्स रिसॉर्ट'बरोबर जोडणी दिली, नंतर रिमोटमध्येच ती बसवली आणि २०११मध्ये झेल्डा मालिकेतला 'स्कायवर्ड सोर्ड' पूर्णपणे तिच्यावर उभा केला. बाहेरचे यावेत म्हणून आधी घरच्यांनी रांधावं लागतं, हे निन्टेंडोला कळलं होतं.

वीवरच्या शेवटच्या गेमांपैकी एक होता युबीसॉफ्टचा 'जस्ट डान्स २०२०', नोव्हेंबर २०१९चा. कन्सोल आल्यानंतर तब्बल १३ वर्षांनी. या मालिकेच्या अनेक आवृत्त्यांच्या कामात युबीसॉफ्टच्या पुणे स्टुडिओचा वाटा आहे. म्हणजे जगभरच्या हॉलमध्ये जी मुलं टीव्हीसमोर हात उंचावून नाचली, त्यांच्या नाचात थोडं पुणंही होतं. हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. ही मालिका टिकली, कारण तिनं उपकरणाकडून फार मागितलं नाही. हाताची ढोबळ लय मिळाली तरी तिला पुरे. वीचा रिमोट, मूव्ह, किनेक्ट, पुढे खिशातला मोबाइल, ज्यात हालचाल कळते त्या सगळ्यांवर ती चालली.

मूव्हला दुसरा जन्म मिळाला तो ऑक्टोबर २०१६मध्ये, प्लेस्टेशन व्हीआर आलं तेव्हा. कित्येक वर्षं खणात पडलेले आमचे दोन्ही कंट्रोलर त्यावर चालले, आणि डोळ्यांपुढची खोली खरी वाटू लागल्यावर हाताच्या हालचालीला पहिल्यांदा खरा अर्थ आला. मात्र आता हेडसेटच खोक्याबाहेरचं उपकरण झालं. फेब्रुवारी २०२३च्या प्लेस्टेशन व्हीआर २वर जुन्या हेडसेटचे गेम चालत नाहीत. जून २०२५मध्ये निन्टेंडो स्विच २ आलं. हालचाल टिपणारे जॉय-कॉन कंट्रोलर खोक्यात आहेत, कॅमेरा वेगळा विकत घ्यायचा. माझं मत विचाराल तर जॉय-कॉनसाठी गेम येत राहतील. कॅमेऱ्याला निन्टेंडो स्वतः जितके गेम देईल, तेवढंच त्याचं आयुष्य.

म्हणून पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंना एक विनंती. गल्ली क्रिकेट आता पुन्हा करायला घ्या, पण वेगळं विकत घ्यावं लागणाऱ्या उपकरणासाठी नको. जॉय-कॉन घराघरांत आहेत, व्हीआर हेडसेटच्या खोक्यात दोन्ही हातांचे कंट्रोलर येतात, त्यांच्यासाठी करा. सहा फुटांच्या हॉलमध्ये, बसून आणि उभं राहून, दोन्ही प्रकारे खेळता येईल असं करा. आखातात सुट्टीचे दोन-अडीच महिने चार भिंतींत काढणारी मराठी मुलं ते खेळतील, आणि व्हिजिट व्हिसावर आलेल्या त्यांच्या आज्याही खेळतील.