कुलाबा कीं रायगड? : स्थलनामांच्या लेखनांतील एक दोष

पेण व रोहा ह्या तालुक्यांच्या इतिहासावर अलीकडे जें लेखन होतें, त्यांत एक दोष वारंवार आढळतो. काळ जुना असतो, पण जिल्ह्याचें नांव आजचें घातलेलें असतें. विनोबा भावे पेण तालुक्यांतील गागोदें येथें इ. स. १८९५ त जन्मले. त्या वेळीं गागोदें रायगड जिल्ह्यांत होतें असें लिहिणें चूक होय. तेव्हां त्या नांवाचा जिल्हाच नव्हता.

अलिबागेसमोर समुद्रांत जो कुलाबा किल्ला आहे, त्यावरून जिल्ह्यास जुनें नांव पडलें. आंग्र्यांचें संस्थान १८४० त खालसा झालें, १८६९ त कुलाबा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १ जानेवारी १९८१ रोजीं त्याचें रायगड झालें. मधल्या शंभरांहून अधिक वर्षांचे सरकारी कागद कुलाब्याच्या नांवें आहेत. ते ‘रायगड’ ह्या नांवाखालीं शोधणाऱ्याच्या हातीं फारसें लागणार नाहीं.

बरें, सर्व व्यवहारांत नांव एकाच दिवशीं पालटलें असेंही नाहीं. रोह्याचे चिंतामणराव देशमुख १९५२ त कुलाबा मतदारसंघांतून लोकसभेवर गेले. बॅरिस्टर अंतुले ह्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळांत जिल्ह्याचें नामांतर झालें. पण २००४ त ते स्वतः निवडून आले ते कुलाब्यांतूनच! मतदारसंघास रायगड हें नांव २००९ च्या निवडणुकीपासून मिळालें. शिवाय मुंबई बेटांतील कुलाबा निराळा. कागदांत नुसतें ‘कुलाबा’ दिसलें तर तो कोणता, हें आधीं ठरविलें पाहिजे.

नामांतरास आमचा आक्षेप नाहीं. शिवछत्रपतींनींच रायरीचा रायगड केला. परंतु १६५६ त मोऱ्यांकडून जो गड घेतला, त्यास त्या प्रसंगीं आपण रायरीच म्हणतों. तोच न्याय जिल्ह्यास लावावा एवढेंच आमचें म्हणणें.

पेण व रोहा हीं नांवें ह्या सर्व घडामोडींत पालटलीं नाहींत. म्हणून गांव व तालुका आधीं लिहावा, जिल्ह्याचें नांव कागदांत असेल तेंच ठेवावें, आणि आजचें नांव कंसांत द्यावें. जुन्या कागदांतील शब्द पालटण्याचा अधिकार संपादकास नाहीं. त्यावर टीप देण्याचा मात्र आहे.