कूलर आणि नियमांतील सूट

वातानुकूलन यंत्राजवळ दुरुस्तीसाठी विजेचा सॉकेट असावा, असा नियम अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत आहे (कलम २१०.६३). सॉकेट यंत्रापासून २५ फुटांच्या आत हवा, आणि यंत्राचा वीजपुरवठा तोडणाऱ्या स्विचने त्याची वीज जाता कामा नये. खरी मेख या दुसऱ्या अटीत आहे. यंत्र बंद केल्यावर कारागिराचा दिवाही विझत असेल, तर तो यंत्र चालू ठेवूनच आत हात घालील. माणसाचा स्वभाव ओळखून केलेला हा नियम मला आवडतो.

मात्र त्याला एक अपवाद आहे. एक-दोन कुटुंबांच्या घरांतील बाष्पन कूलरसाठी असा सॉकेट सक्तीचा नाही.

रिसोड, मंगरुळपीर, कारंजा, एकूणच वाशिम जिल्ह्यात उन्हाळा निघतो तो याच कूलरवर. इथे कारागीर म्हणजे रोज पाइपने टाकी भरणारी आई किंवा दहावीतला मुलगा. कूलर खिडकीबाहेर आणि प्लग पलंगामागच्या बोर्डात असेल, तर पाणी भरण्याआधी तो काढणार कोण? सॉकेट हाताशी हवा तो यासाठी.

‘अर्थिंग आहे ना!’ असे उत्तर मिळते. फेजची तार पत्र्याला टेकली की अर्थिंगमधून मोठा प्रवाह जातो व फ्यूज वितळतो, असे आपण वर्गात शिकवतो. तो किती मोठा, हे फळ्यावर क्वचितच मांडतो. मे महिन्यात काळी जमीन भेगाळते, ओल खोल जाते, अर्थिंगचा रोध वाढतो. तो ५० ओहम धरा. २३० भागिले ५० म्हणजे ४.६ अँपिअर. ५ अँपिअरचा फ्यूज शाबूत राहतो आणि पत्रा जवळजवळ २३० व्होल्टवर! ओल्या हाताने, अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा रोध १००० ओहम धरला, तर त्याच्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर जातील. जीव जायला याहून कमीही पुरतात.

इथे उपयोगी पडतो तो आरसीसीबी. बाजारात त्याला ईएलसीबीही म्हणतात. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, की तो क्षणार्धात वीज तोडतो.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमावलीने घरांसाठी हीच ३० मिलिअँपिअरची मर्यादा घातली, पण २५० व्होल्टपर्यंतच्या, ५ किलोवॅटखालच्या जोडण्या वगळल्या. म्हणजे पंखा, चार दिवे, टीव्ही आणि कूलर असलेले घर सुटलेच. माझा आक्षेप आकड्याला नाही, भारावरून सूट ठरवण्याला आहे. कूलर जेमतेम दोन-अडीचशे वॅटचा. मर्यादा ५ वरून निम्म्यावर आणली तरी असे घर तिच्या खालीच राहील. ३० मिलिअँपिअरची गळती लहान घरात काही कमी घातक नसते.

शाळेत कूलर असेल, तर शिक्षकांनी विद्यार्थ्यांना मुख्य बोर्डापाशी न्यावे. हा स्विच असेल तर त्यावर ‘टी’ अक्षराचे बटण दिसेल. ते शिक्षकांनी स्वतः दाबावे. वीज गेली नाही, तर स्विच त्याच दिवशी वायरमनला दाखवावा.